धृपद धरणारे मन

‘कृतज्ञता’ या शब्दाची फोड ‘कृत’, म्हणजे केलेले, आणि ‘ज्ञ’, म्हणजे जाणणारा, अशी होते. म्हणून झालेल्या उपकाराची जाण जागी ठेवणे हा तिचा मूळ अर्थ ठरतो. भयाची दिशा याच्या नेमकी उलट असते, कारण जे अद्याप घडलेलेच नाही त्याचा हिशेब ते मांडत बसते आणि संशय त्या हिशेबात एकाही उपकाराची नोंद होऊ देत नाही. भय आणि संशय या दोहोंवर स्तुतीचा उपाय कसा चालतो, हे देहूच्या तुकाराम महाराजांच्या साधनेत स्पष्ट दिसते.

1630 च्या सुमारास दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि लोकांतली पतही उरली नाही. त्यानंतरच्या वाटचालीविषयी आत्मपर अभंगांत ते सांगतात, की एकादशीला कीर्तन करू लागले तेव्हा चित्त अभ्यासात मुरलेले नव्हते. म्हणून त्यांनी संतांची वचने आदराने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे राहून धृपद धरले. धृपद म्हणजे अभंगाचे पालुपद, जे प्रत्येक कडव्यानंतर टाळकरी एकत्र उचलतात. या तपशिलाचे मोल मोठे आहे, कारण मनातला संशय फिटेपर्यंत स्तुती थांबवून ठेवावी लागत नाही, आणि स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ज्यांची श्रद्धा स्थिर झाली आहे त्यांचे शब्द उसने घेऊन, त्यांच्या आवाजात आवाज मिसळून ती सुरू करता येते, हे त्यातून कळते.

मात्र ही स्तुती दुःख झाकणारी नाही. गाथेतील करुणापर अभंगांत, म्हणजे देवाला आर्ततेने आळवणाऱ्या रचनांत, तळमळ आहे, गाऱ्हाणे आहे, देवाशी उघड भांडणही आहे. आणि ते सारे बोलून झाल्यामुळेच दिवाळे निघाले आणि दुष्काळाने पीडा दिली तेही बरे झाले, असे म्हणणारी त्यांची कृतज्ञता खरी वाटते. भय मनुष्याला स्वतःभोवती फिरत ठेवते, तर कीर्तन, म्हणजे गुणांचे वर्णन, त्याचे लक्ष स्वतःपलीकडे नेते आणि त्याला इतरांच्या सोबतीत उभे करते.

परंपरा असे सांगते, की वडिलार्जित सावकारीची खते, म्हणजे कर्जाचे कागद, भावाशी वाटून घेतल्यावर आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. संतांच्या उपकारांतून उतराई कसे व्हावे, हा प्रश्न मात्र त्यांनी कधीच बुडवला नाही. लोकांकडचे येणे विसरून स्वतःवरचे ऋण आठवत राहणारे असे मन भयाला सहसा वश होत नाही, कारण आजवर कोणी कोणी सांभाळले याची साक्ष त्याच्या ओठांवर सदैव असते.