भेगांतले पाणी आणि सरासरीचा भ्रम



विहिरीचे पाणी भूमातेने गाळून दिलेले असते, म्हणून ते शुद्धच, अशी आपल्या सर्वांची समजूत आहे. वाळूच्या जमिनीत ती बरीचशी खरी ठरते. तेथे पाणी कणाकणांतून झिरपते आणि जंतू वाटेतच अडकतात. खडकाची गोष्ट निराळी. अखंड कातळ पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. पाणी धावते ते भेगांतून. या भेगांचा हिशेबही विलक्षण आहे. दाब तोच ठेवून भेगेची रुंदी दुप्पट केली, तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट वाहते. म्हणजे शंभर बारीक भेगांना जे साधत नाही, ते पाचपट रुंद असलेली एकच भेग साधते!

भूजलाचे गणित मांडताना पुष्कळदा या भेगा विसरून सारा खडक एकसारखा सच्छिद्र धरतात. विहिरीला पाणी किती लागेल, हे सांगायला ही सरासरी पुरते. पण घाण किती दिवसांत पोचेल, असे विचारले की ती दगा देते. कारण घाण सरासरीने चालत नाही, ती सर्वांत मोकळ्या वाटेने येते.

कॅनडातील वॉकर्टन या लहान गावाने याची किंमत मोजली. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला. शेतातील शेणखताचे जंतू भेगाळ खडकातून गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. सात माणसे दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. चौकशीत असे दिसले की शेतकऱ्याने खत रीतसरच टाकले होते. पुढे तेथील भूजलात खुणेची द्रव्ये सोडून पाहिली, तेव्हा सरासरीच्या गणिताने ज्या वाटेला महिने लागावेत, ती त्यांनी एक-दोन दिवसांत कापली.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हा थंड होताना त्याला सांधे पडले, आणि आपल्या कितीतरी विहिरी त्या सांध्यांवरच जगतात. शौचखड्डा विहिरीपासून अमुक फूट दूर आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. अंतर हवेच, पण दोहोंना जोडणारी एखादी भेग ते अंतर फुकट घालवू शकते. शिवाय विरघळलेले द्रव्य भेगेच्या काठच्या दगडात मुरते आणि घाण थांबवल्यावरही वर्षानुवर्षे पाझरत राहते.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मोठा पाऊस पडताच विहीर गढुळते का, ते पाहा. गढुळत असेल, तर वरची वाट मोकळी आहे असे समजा. पाणी उन्हाळ्यात तपासून समाधान मानू नका, पावसानंतरही तपासा. आणि निर्जंतुक केल्यावाचून मुलांच्या ओठी लावू नका. खडकावर विश्वास जरूर ठेवावा. पण त्याची भेग कोठे आहे, हे विचारल्यावाचून ठेवू नये.