आर्देनची चढाई आणि तिचे दोन्हीकडचे परिणाम



लढाईचा इतिहास लिहिताना आपण कोणी किती मुलूख घेतला ते सांगतो आणि पुढे जातो. 1944च्या डिसेंबरातल्या आर्देनच्या लढाईला ही रीत अपुरी पडते. बेल्जियम-लक्झेंबर्गच्या त्या जंगलात 16 डिसेंबरच्या पहाटे जर्मन तोफा धडाडल्या आणि जानेवारी सरता सरता आघाडी बहुतेक पूर्वीच्याच जागी आली. माणसे आणि सैन्ये मात्र पूर्वीसारखी राहिली नाहीत.

म्यूज नदी ओलांडून अँटवर्प बंदर घ्यायचे, असा हिटलरचा बेत होता. रुंडस्टेट आणि मोडेल या त्याच्याच सेनापतींना तो झेपणारा वाटत नव्हता. पण गुप्तता कडक होती. महत्त्वाचे हुकूम वायरलेसऐवजी माणसांकरवी पोचवले गेले, त्यामुळे जर्मन संदेश उलगडण्यावर भिस्त ठेवलेली दोस्त राष्ट्रे गाफील राहिली. ढगाळ हवेत त्यांची विमानेही उडेनात. अमेरिकेच्या नवख्या 106व्या डिव्हिजनच्या दोन रेजिमेंटना वेढा पडला आणि हजारोंनी शस्त्रे ठेवली. पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेले कर्ट व्हॉनेगट त्याच कैद्यांत होते.

नाताळात जर्मनांचे पुढचे रणगाडे म्यूजपासून काही किलोमीटरवर, सेल गावापाशी, तेलाअभावी अडकले. पण माझ्या मते जर्मनीचे खरे नुकसान पोलंडमध्ये दिसते. पश्चिमेकडची चढाई थांबवून फौज पूर्वेकडे द्या, असे जर्मन सेनापती गुडेरियन विनवत राहिले. हिटलरने ऐकले नाही. 12 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत लाल सेना व्हिस्चुला नदीच्या आघाडीवरून निघाली आणि महिनाअखेर ओडर नदीवर, बर्लिनच्या उंबरठ्यावर पोचली. तिला अडवायला हवी होती ती राखीव फौज आर्देनच्या बर्फात खर्ची पडली होती.

अमेरिकेचे सुमारे 19,000 जवान मारले गेले. पायदळाला माणसे पुरेनात. या टंचाईतून जे घडले त्याकडे आपल्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते. तोवर कृष्णवर्णीय जवानांना मुख्यतः ट्रक चालवणे, माल चढवणे-उतरवणे अशा कामांवर ठेवले जाई. आता पायदळासाठी त्यांच्यातून स्वयंसेवक मागवले गेले आणि 4,500हून अधिक जवानांनी नावे दिली. अट अशी, की सार्जंटने आपला हुद्दा सोडून साधा शिपाई व्हायचे, म्हणजे गोऱ्या जवानावर हुकूम चालवायची वेळ येणार नाही. कित्येकांनी बाहीवरच्या फिती उतरवल्या आणि ते आघाडीवर गेले. त्यांच्या तुकड्या गोऱ्यांच्या कंपन्यांना जोडल्या गेल्या. चांगले लढूनही युद्ध संपताच ही व्यवस्था मोडण्यात आली. हा अन्याय लढाईच्या वर्णनात तळटीप म्हणून उरू नये.

अत्याचारांची नोंदही दोन्हीकडची हवी. बेल्जियममधल्या माल्मेदीजवळ जर्मन एसएस सैनिकांनी 84 अमेरिकी कैद्यांना मारले, हे सर्वत्र लिहिले जाते. नववर्षाच्या दिवशी शेनोन्य गावात अमेरिकी जवानांनी शरण आलेल्या जर्मनांना गोळ्या घातल्या, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. खुद्द माल्मेदी अमेरिकनांच्या ताब्यात असताना अमेरिकी विमानांनीच चुकून त्यावर बाँब टाकले. उपेक्षाही अशीच नोंदवायला हवी: जर्मनांनी वेढलेल्या बास्तोन्य गावात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या ऑगस्टा शिवी या आफ्रिकेत जन्मलेल्या परिचारिकेला बेल्जियमच्या राजाकडून सन्मान मिळायला 2011 साल उजाडले.

आर्देनची लढाई चालू असतानाच, 26 डिसेंबर 1944 रोजी, इटलीतल्या सेर्चिओच्या खोऱ्यात अमेरिकेच्या 92व्या, म्हणजे कृष्णवर्णीय जवानांच्या डिव्हिजनवर जर्मन आणि इटालियन फॅसिस्ट फौजा अशाच चालून आल्या. मोडलेली फळी सावरायला 8व्या भारतीय डिव्हिजनला पाठवले गेले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. पुढे 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे. इटलीत लढलेल्या अशा जवानांची पत्रे, पेन्शनचे कागद, फोटो आजही गावोगावच्या घरांत ट्रंकेच्या तळाशी असतील. पुढच्या अधिवेशनापूर्वी आपल्या परिषदेने जिल्हावार अभ्यासक नेमून या कागदांची यादी आणि छायाप्रती करण्याचे काम सुरू करावे, अशी सूचना मी या अधिवेशनाचा अध्यक्ष या नात्याने मांडतो.