स्वागताध्यक्षीय भाषण : एक वाडा, अनेक बिऱ्हाडे



ज्या वस्तीतल्या सरकारी इस्पितळाला लोक आजही ‘बारह सौ पचास’ या क्वार्टरांच्या आकड्यानेच ओळखतात, आणि जिथली झाडे वाचविण्यासाठी २०२४ च्या उन्हाळ्यात नागरिक रस्त्यावर उतरले, त्या भोपाळच्या तुलसी नगरात, संगणक-सुरक्षेच्या या परिषदेत, आपले स्वागत करण्याचा मान स्वागतमंडळाने माझ्यासारख्या सेवानिवृत्त दफ्तरी माणसाला दिला, याबद्दल मी ऋणी आहे.

माझी उभी हयात शेरे आणि बारनिशीत गेली. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणालीसाठीचा ‘हायपरव्हायजर’ हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा मी त्याचा अर्थ माझ्या परीने लावला, तो असा की, एक मोठा वाडा आहे, त्यात अनेक बिऱ्हाडे नांदतात, प्रत्येकाला घर आपल्या एकट्याचेच वाटते, आणि भिंती, पाणी नि किल्ल्या सांभाळणारा कारभारी मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. असे वाडे आयबीएमने १९६० च्या दशकातच बांधले होते. पुढे २०१८ मध्ये पाच लाख आभासी सर्व्हर सामावणारे राष्ट्रीय डेटा सेंटर भोपाळात उभारण्याची घोषणा झाली आणि हा विषय आमच्या उंबरठ्याशी आला.

एका बिऱ्हाडात चोर शिरला तर एका कुटुंबाचे नुकसान होते. कारभारीच फितूर झाला तर सबंध वाडा जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरवर चालणारी जगभरातील हजारो यंत्रे वेठीस धरली. ज्या छिद्रातून ते शिरले असे मानले जाते, त्याची दुरुस्ती दोन वर्षे आधीच उपलब्ध होती. परंतु दुरुस्तीसाठी कारभाऱ्याला घटकाभर रजा द्यायची तर सारी बिऱ्हाडे हलवावी लागतात, म्हणून ‘पुढील महिन्यात पाहू’ हा शेरा पडतो, आणि या शेऱ्याची थोरवी मी आपणास काय सांगावी!

२०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक जेसन गेफनर यांनी उघडकीस आणलेला ‘व्हेनम’ दोष याहून विलक्षण. फ्लॉपी कधीच अडगळीत गेली होती, तरी आभासी यंत्रे चालविणाऱ्या क्यूईएमयू या प्रणालीतील तिच्या नियंत्रकाची सदोष संहिता २००४ पासून तशीच राहिली होती, आणि कित्येक ठिकाणी फ्लॉपी बंद केल्यावरही ती जागीच असे. दार बंद असूनही उरलेल्या अशा वाटेवरून मला रायगडची गवळण हिरकणी आठवते. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरली. आख्यायिका सांगते की शिवाजी महाराजांनी तिला दंड न करता साडीचोळी दिली, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधविला.

उणी वाट दाखविणाऱ्याला गौरवायचे आणि ती वाट बुजवायची, ही महाराजांची रीत; आमच्या कचेऱ्यांत याच्या उलट. सायबर-सुरक्षेची घटना सहा तासांत कळवा, असा केंद्राचा २०२२ पासूनचा हुकूम आहे; पण जिथे कळविणाऱ्यालाच आधी ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळते, तिथे ते सहा तास कागद कोणाच्या मेजावर ठेवावा हे ठरविण्यातच सरतात. मीही असा एक कागद तीन मेजांवर फिरविला आहे.

तेव्हा उद्याच्या सत्रात जे आपल्या यंत्रांतील तडे उघड सांगतील, त्यांची नावे इतिवृत्तात घेऊ नयेत, अशी सूचना मी चिटणिसांना दिली आहे. पोहे-जिलबी आठ वाजता तयार असेल.