झिजणें : एका क्रियापदाची कुळकथा

एखादी वस्तु हळूहळू कमी होत जाते, एवढी एकच गोष्ट सांगण्यास मराठीनें किती क्रियापदें बाळगलीं आहेत, हें मोजूं गेल्यास आपलें आपणांसच नवल वाटेल. वारंवार धुतलेलें धोतर विरतें, तापांतून उठलेलें मूल रोडावतें, लांबलेल्या दुखण्यानें माणूस खंगतो, चैत्र-वैशाखांत ओढा आटतो आणि देवळाची पायरी झिजते. यांतील एकाचें काम दुसऱ्यास सांगून पाहा. पायरी विरली किंवा ओढा खंगला, असें कोणी म्हणणार नाहीं. आज मी यांपैकीं शेवटच्या क्रियापदाविषयीं बोलणार आहें, कारण त्याजवर एक जुना अन्याय झालेला आहे.

शिकलेल्या घरांतून पत्र लिहितांना ‘प्रकृति क्षीण झाली’ असें लिहिण्याकडे कल असतो. ‘प्रकृति झिजली’ हें बोलण्यापुरतें ठीक. लिहिण्यांत तें गांवढळ वाटतें. समजूत अशी कीं, ‘क्षीण’ हा शुद्ध शब्द आणि ‘झिजणें’ हें त्याच धातूचें अडाणी तोंडांत बिघडलेलें रूप. संस्कृतांत क्षि धातु, त्याचें क्षीयते, प्राकृतांत झिज्जइ, मराठींत झिजतें. ही परंपरा खरी आहे. ‘बिघडलेलें’ हा शेरा मात्र तपासून पाहिला पाहिजे.

संस्कृतांतील क्ष मराठींत उतरतांना बहुधा दोन वाटांनीं येतो. क्षाराचा खार झाला, भिक्षेची भीक झाली. ही एक वाट. क्षेत्राचें शेत, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस, क्षुरीची सुरी, ही दुसरी. तिसरी वाट अगदीं अरुंद आहे. तिच्यानें आलेले शब्द थोडे, पण मोलाचे : क्षि पासून झिजणें आणि क्षर् पासून झरणें. बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत नियम घातला कीं, क्ष चा ख होतो आणि क्वचित् छ व झ होतात. आणि त्याखालीं झीण व झिज्जइ हीं रूपें दिलीं. असें कां व्हावें, हें सांगणें त्याचें काम नव्हतें.

परंतु प्रश्न उरतोच. क् आणि ष् हे दोन्ही अघोष वर्ण. त्यांच्या जोडाक्षरांतून झ सारखा घोष महाप्राण निघाला कोठून? याचें उत्तर पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथाच्या भाषेनें सुचविलें. संस्कृतांत जेथें क्षर् म्हणजे वाहणें हा धातु आहे, तेथें अवेस्तेंत ग्झर् असा घोष उच्चार आढळतो. म्हणजे दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वजाच्या तोंडीं अघोष आणि घोष असे दोन निराळे उच्चार होते. संस्कृतांत ते एका क्ष मध्यें मिसळून गेले. लोकांच्या बोलींनीं त्यांतील भेद कांहीं शब्दांत सांभाळला, असें रिखार्ड पिशेल या जर्मन पंडितानें इ. स. १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राकृत व्याकरणांत मांडिलें. हें मानल्यास झिजणें यांतील झ हा संस्कृत क्ष हून जुन्या उच्चाराचा वारस ठरतो. मला तर हा विचार फार समाधान देतो. पाटा-वरवंट्याशीं बसलेल्या बाईच्या तोंडचा शब्द पाणिनीच्या शब्दाचा लेक नव्हे, भाऊबंद निघाला!

याच धातूचें कूळ पश्चिमेसही पसरलें आहे. ग्रीक भाषेंत खंगत जाणाऱ्या रोगास ‘फ्थिसिस’ म्हणत. तो शब्द आणि आपला ‘क्षय’ एकाच मुळाचे. इंग्रजी वैद्यकानें तो उचलला व त्याचा उच्चार ‘थायसिस’ असा केला. पूर्वी एखाद्या घरांत तरुण मुलगी अंथरुणास खिळली म्हणजे वैद्यबुवा क्षय म्हणत, डॉक्टर थायसिस म्हणत आणि आजी म्हणे, ‘पोर झिजत चालली.’ तिघांचीं नाडी पाहण्याची रीत निराळी. शब्द मात्र तिघांनींही एकाच मुळाचा काढला होता.

अर्थाच्या बाबतींत मात्र मराठीनें आपला स्वतंत्र संसार थाटला. क्षय आपोआप होतो. चंद्राच्या कलांचा होतो, पुण्याचा होतो. झिजण्यास दुसरें कांहीं तरी लागावें लागतें. चंदन सहाणेवर झिजतें, तें गंध होऊन देवाच्या कपाळीं लागतें. (सहाणही झिजते, तिची आठवण कोणी काढीत नाहीं.) येथूनच ‘लोकांसाठीं देह झिजविला’ हा गौरव निघाला. त्या जागीं ‘देह क्षीण केला’ असें घालून पाहा, सारी स्तुति नाहींशी होते. हाच गौरव आपण घरांतील बायकांस फार स्वस्तांत देतों, आणि गंध कोणाच्या कपाळीं लागलें हें विचारीत नाहीं, हेंही येथेंच बोलून टाकतों.

व्यवहारानेंही हा शब्द सोडला नाहीं. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितांना झिजतात ते बहुधा आपले जोडेच. इ. स. १८३५ पासूनचा कंपनीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा असे. तो हातोहात फिरून हलका झाला कीं सराफ त्याला तराजूंत टाकी, कमी भरलेलें वजन पाही आणि तेवढा बट्टा कापून घेई. त्या कमी भरलेल्या वजनाचें नांव झीज.