वृद्धाश्रमाची पारख

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि अलीकडे बेला, जैनथ, तांसी या मंडलांतील कापसाची काळी शिवारे. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आला. राज्ये बदलली, तरी येथल्या अनेक घरांतली बोली मराठीच राहिली. घराची ओसरी, ओसरीवरची बाज आणि त्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणारे म्हातारे माणूस, हे या गावांतले नित्याचे दृश्य होय. आता मात्र कित्येक घरांत बाज आहे, म्हातारी आहे. पण तिची विचारपूस करणारे कोणी उरलेले नाही. एक मुलगा हैदराबादला, दुसरा पुण्याला आणि मुलगी नागपूरकडे दिलेली. अशा घरात कधीतरी दबक्या आवाजात प्रश्न निघतो, ‘आईला कुठे चांगल्या ठिकाणी ठेवता येईल का?’

हा प्रश्न विचारणे म्हणजे पाप, अशी समजूत अजूनही आहे. वास्तविक निराधार वृद्धांसाठी संस्था असणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. पुण्यातील ‘निवारा’ या संस्थेचा उगम एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या नावाने निघालेल्या अनाथ-पंगुगृहात आहे. सन २०११ च्या जनगणनेत भारतातील साठीपुढच्या माणसांची संख्या १० कोटी ३८ लक्ष भरली. इतक्या साऱ्यांचा भार केवळ घरांनी उचलावा, असे म्हणणे सोपे. पण ज्या घरात दिवसभर माणूसच नसतो, त्या घराने तो उचलावा कसा?

लाजेने खरे नुकसान होते ते निराळेच. लाजेपोटी माणूस चौकशी करीत नाही. बाजारात बैल घेताना जो शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो, तोच शेतकरी आईसाठी आश्रम निवडताना एखादे रंगीत माहितीपत्रक पाहून पैसे भरतो आणि कोणी पाहू नये म्हणून घाईने परततो. बैल परत करता येतो. खचलेले म्हातारपण परत उभे करता येत नाही. म्हणून पारख आधी करावी आणि ती उजळ माथ्याने करावी.

प्रथम कायद्याची बाजू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा कायदा संसदेने २००७ साली केला. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारने निर्धन वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आश्रम टप्प्याटप्प्याने काढावा आणि त्यात किमान १५० माणसांची सोय असावी, अशी अपेक्षा आहे. आश्रमांच्या व्यवस्थेची योजना व तेथील सेवांची प्रमाणे ठरविण्याचे कामही कायद्याने राज्य सरकारकडे सोपविले आहे. पुढे २०१९ साली केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रात महारेराने २०२४ साली तशाच सूचना दिल्या. एकापेक्षा अधिक मजले असल्यास उद्वाहक हवा, दारे चाकाची खुर्ची जाईल इतकी, म्हणजे निदान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, अशी त्यांतील कलमे उपयोगाची आहेत. परंतु या सूचना इमारतीचे माप घेतात. मध्यरात्री पाणी मागणाऱ्या आजीच्या हाकेला किती वेळात ओ मिळते, याचे माप कोणत्याही नकाशात सापडत नाही.

ते माप कसे घ्यावे? इंग्लंडमध्ये अशा संस्थांची तपासणी करणारा आयोग २००९ पासून काम करतो. तो पाच प्रश्न विचारतो. जागा सुरक्षित आहे काय? उपचारांचा गुण येतो काय? वागणुकीत माया आहे काय? माणसाच्या गरजेप्रमाणे व्यवस्था वाकते काय? आणि कारभार नीट चालतो काय? तेथे हे प्रश्न सरकारी तपासनीस विचारतात आणि उत्तरे जाहीर होतात. आपल्याकडे पुष्कळदा मुलालाच तपासनीस व्हावे लागते.

शुश्रूषेपासून आरंभ करू. आश्रम पाहावयास ठरवून जावेच, पण एकदा न सांगताही जावे आणि तेही संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. सकाळी सर्वच आश्रम झाडलेले असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे झाले नाही तर पाठीला व टाचांना जखमा होतात. तेव्हा ‘येथे कोणाला शय्याव्रण झाले आहे काय, आणि ते येथे आल्यानंतर झाले काय?’ असे सरळ विचारावे. औषधे कोण देतो, दिल्याची नोंद कोठे होते, ते पाहावे. रात्रपाळीला किती माणसे असतात, त्यांपैकी जागी किती असतात, हेही विचारावे. आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो आणि थंडी साऱ्या तेलंगणात कडक म्हणून ओळखली जाते. म्हातारपणी तहान कमी लागते. पाणी पुढे केल्यावाचून माणूस पीत नाही. खाटेपाशी भरलेला तांब्या आहे काय आणि तो हाताच्या अंतरावर आहे काय, एवढ्या एका गोष्टीवरून पुष्कळ कळते.

या जिल्ह्यातील मराठी माणसासाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ती भाषेची. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. ठणका, कळ, चमक, ठसठस, मुरडा, जळजळ. यांतला प्रत्येक शब्द वैद्याला निराळी वाट दाखवितो. हैदराबादच्या आश्रमात तेलुगू परिचारिका कितीही प्रेमळ असली, तरी छातीतली कळ आणि पोटातली जळजळ या दोहोंसाठी तिच्या कानी एकच ‘नोप्पि’ पोहोचणार. तरुणपणी बाजाराची तेलुगू बोलणारी म्हातारी पुढे विसरभोळी झाली की मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा उरते. मग ती हळूहळू बोलेनाशी होते, आणि नोंदवहीत लिहिले जाते, ‘शांत स्वभाव’. म्हणून रात्रपाळीला मराठी समजणारे निदान एक माणूस आहे काय, हा प्रश्न खोलीच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा समजावा. आदिलाबाद शहरापासून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २०० किलोमीटर. कोठे मुलगा जवळ पडतो, कोठे भाषा जवळ पडते, याचा तोल प्रत्येक घराने स्वतः साधावयाचा असतो.

सोयींविषयी बोलावयाचे तर, सोय आहे आणि सोय वापरात आहे, या दोन भिन्न गोष्टी होत. वाचनालयाला कुलूप असेल, बागेकडे जाण्यास चार उंच पायऱ्या असतील, दूरचित्रवाणीवर दिवसभर रहिवाशांना न कळणाऱ्या भाषेतले कार्यक्रम लागत असतील, तर त्या सोयी पाहुण्यांसाठी आहेत असे समजावे. उलट, न्हाणीत घसरणार नाही अशी फरशी, संडासाशेजारी भिंतीला घट्ट बसविलेला दांडा आणि खाटेपासून तिथपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, या तीन स्वस्त सोयी पुष्कळ माणसांना खुब्याचे हाड मोडण्यापासून वाचवितात. स्वयंपाकघर पाहण्याची परवानगी मागावी आणि ती कोणत्या सुरात मिळते, तेही ऐकावे. जिला ज्वारीच्या भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही, तिला तिन्ही त्रिकाळ भात वाढणे ही उपासमार नव्हे, पण तिच्या वाट्याला अर्धपोटी राहणेच येते.

आता सुरक्षिततेचा पूर्वेतिहास. ‘आमच्याकडे आजवर एकही अपघात झालेला नाही’, असे उत्तर मिळाले तर आनंदून जाऊ नये. जेथे म्हातारी माणसे चालतात, तेथे कधी ना कधी कोणी पडणारच. जेथे कोणीच पडत नाही, तेथे एकतर कोणाला चालू देत नाहीत, किंवा पडलेले लिहून ठेवीत नाहीत. जो व्यवस्थापक वही उघडून सांगतो, ‘गेल्या पावसाळ्यात दोघे पडले, म्हणून आम्ही हा दांडा बसविला’, त्याच्यावर विश्वास ठेवावा. अपघात लपविला नाही आणि त्यावरून काही शिकले, हेच चांगल्या पूर्वेतिहासाचे लक्षण होय.

आगीच्या बाबतीत मात्र शिकण्यासाठी दुसरी संधी मिळत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात लील-व्हेर्त नावाचे खेडे आहे. तेथील वृद्धनिवासाला २३ जानेवारी २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ३२ वृद्ध मृत्युमुखी पडले. त्या इमारतीचे दोन भाग होते. ज्या नव्या भागात छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा होती, तो वाचला. ज्या जुन्या भागात ती नव्हती, तो जळून गेला. गाव एक, मालक एक, रात्र एक. अंतर केवळ त्या नळांचे. भारतातही १ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीतील ग्रेटर कैलास भागातल्या एका वृद्धनिवासाला आग लागून दोन वृद्ध महिलांचा अंत झाला. तेव्हा अग्निशमन दलाचा दाखला पाहावा, त्यावरची मुदत वाचावी, आणि मग एक साधा प्रश्न विचारावा, ‘रात्री दोन वाजता आग लागली, तर न चालणाऱ्या माणसांना कोण, कोणत्या दाराने बाहेर काढील?’ त्याच वेळी त्या दाराला कुलूप आहे काय, तेही स्वतः जाऊन पाहावे.

पैशाचा करार शेवटी, पण बारकाईने वाचावा. अनामत रक्कम परत केव्हा मिळते, दर वर्षी भाडे किती वाढते, आणि मुख्य म्हणजे माणूस अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत नेण्यास सांगतात, हे लेखी असावे. पुष्कळ आश्रम चालत्या माणसालाच घेतात. न चालणाऱ्याला घर शोधावे लागते, आणि ते घर तर याच खर्चासाठी विकलेले असते. आणखी एक सावधगिरी म्हाताऱ्यांनी स्वतः बाळगावी. सांभाळाच्या भरवशावर शेत मुलाच्या नावे करून द्यावयाचे असेल, तर सांभाळाची अट त्या दस्तातच लिहावी. अट मोडल्यास दस्त रद्द करून मागण्याचा हक्क २००७ च्या कायद्याचे २३ वे कलम देते. पण अशी अट असल्याचे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. अडचणीत सापडलेल्या वृद्धासाठी १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. तो क्रमांक आश्रमाच्या भिंतीवर, रहिवाशांना वाचता येईल अशा अक्षरांत लावलेला असेल, तर ती चालकांच्या निर्मळ मनाची खूण समजावी.

या साऱ्या चौकशीत एक माणूस सहसा विसरले जाते. जिला तेथे राहावयाचे आहे, तिला कोणी विचारीत नाही. मुले दहा प्रश्न घेऊन जातात आणि आईला मोटारीत बसवून ठेवतात. तिला आत न्यावे, तेथल्या बायकांजवळ एकटी बसू द्यावे. चालकाला विचारून जे कळत नाही, ते दोन म्हाताऱ्या अर्ध्या तासात एकमेकींना सांगून मोकळ्या होतात. शक्य असेल तर आधी महिनाभर राहून पाहावे आणि तिने नको म्हटले तर तो शब्द अखेरचा मानावा.

आणि तिने होकार दिला, तरी मुलाचे काम संपले असे नव्हे. ज्या खाटेपाशी आठवड्याला कोणी येऊन बसते, त्या खाटेची चादर वेळेवर बदलते, हा अनुभव साऱ्या देशांत सारखाच आहे. आश्रमाची उत्तम तपासणी कोणता अधिकारी करतो, असे कोणी विचारले तर उत्तर एकच आहे. वेळ न कळविता येणारा, आईचा हात हातात घेऊन मनगटे पाहणारा आणि ‘जेवलीस का ग माय?’ असे तिच्या भाषेत विचारणारा तिचा मुलगा.