पहिले दृश्य : एक डिस्टंट सिग्नल
(उत्सवातील भाषणाचा सारांश)

आपली मुले यंदा लघुपट करणार आहेत, म्हणून रमेश सिप्पींच्या 'शोले' (१९७५) ची सुरुवात आठवू या. छोट्या स्टेशनात गाडी थांबते, जेलर उतरतो, रामलाल त्याला घोड्यावरून नेतो. श्रेयनामावली चालू असतानाच खडकाळ मुलूख आणि गाव ओळखीचे होते. त्यासाठी एक वाक्यही खर्ची पडत नाही. मग ठाकूर दोन माणसांचा शोध घ्यायला सांगतो. कशासाठी, ते गुलदस्त्यात! अंगावरची शाल दिसते, पण शंका येत नाही. पाठोपाठ पूर्वकथेतल्या मालगाडीत त्याचे धडधाकट हात आपण पाहतो. म्हणूनच शालीचे रहस्य पुढे उलगडते तेव्हा काळजात चर्र होते.

आम्हा रेल्वेवाल्यांचा डिस्टंट सिग्नल असाच. तो गाडी थांबवत नाही. पुढच्या सिग्नलसाठी ड्रायव्हरला सावध करतो. तेव्हा मुलांनो, पहिल्याच दृश्यात सगळी गोष्ट सांगून टाकू नका. जागा दाखवा, एक प्रश्न मनात सोडा, आणि शेवटी कामी येणारी वस्तू तिथेच सहज नजरेखालून जाऊ द्या. मग प्रेक्षक खुर्ची सोडणार नाही.