‘खट्’ आवाज आला, पुढे?

ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत गाडीत त्याच्यासाठी चाइल्ड सीट लागते. जरा मोठ्या मुलांना बूस्टर चालतो. गाडीचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. बूस्टर मुलाला उचलून त्या मापात बसवतो, इतकंच.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना पट्टा स्वतःच लावायचा असतो. लावू द्यावा! अडतं ते बहुधा घाईपायी. पट्टा हिसकला की आतली यंत्रणा तो अडवून धरते. अपघातात तिचं कामच ते. मग पट्टा थोडा मागे सोडायचा आणि सावकाश ओढायचा. दुसरी अडचण बूस्टरखाली दडपलेल्या बकलची. मूल बसण्याआधीच ते वर काढून ठेवलेलं बरं.

‘खट्’ आवाज आला, तरी मोठ्यांनी एकदा बघायचंच. खालचा पट्टा पोटावर नव्हे, जांघेलगत. वरचा खांद्याच्या मधोमध. मानेला घासतो म्हणून मुलं तो काखेखालून घेतात, ते धोक्याचं. फुगीर जॅकेट आधीच उतरवायचं.

भारतात मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर १,००० रुपये दंड आहे. आईच्या मांडीवर बसलेलं मूलही त्यात आलंच.